आले गं, आले

काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. कारण इतकं छोटं आहे की घरात कुणाला सांगवेना, म्हणून इथे लिहितेय.

काल दुपारी मांजराची पिल्लं बघायला गेलो होतो. एकाच घरी दोन्ही, पर्शियन आणि सयामी. पर्शियन पिल्लू ताईच्या मांडीवर गेलं आणि तिथेच मुटकुळं करून झोपलं. सयामी मात्र टोपलीच्या काठावर पुढचे दोन्ही पाय टेकवून उभं राहिलं, सरळ माझ्याकडे बघितलं आणि केवढ्यांदा ओरडलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आले गं, आले."

बाबांचं लक्ष नव्हतं. ताईने एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली.

आमची मांजर ठमी गेल्यापासून हे शब्द मी उच्चारले नव्हते.

खरं तर पर्शियन घ्यायचं ठरल्यातच जमा होतं. बाबांना दुपारी शांतता लागते, ताईला ते गोल तोंड आवडलंय, आणि मी तर पहिल्या दिवसापासून पर्शियनच म्हणत होते. त्या जातीची मांजरं एका जागी तासन्तास बसतात, उड्या कमी, आवाज बेताचा. सयामी दिवसभर पायात पायात करणार, प्रत्येक गोष्टीवर बोलणार, आणि त्याला फार वेळ एकटं ठेवलं की कासावीस होणार. आमच्याकडे दुपारचे तीन-चार तास घरात कुणी नसतं. म्हणजे विचार करायला तसं काही उरलंच नव्हतं.

पर्शियनचं करावं लागतं खूप, हे मला माहीत होतं. केस रोज विंचरायचे. दोन-चार दिवस राहिलं की काखेत आणि पोटाखाली अशा गाठी बसतात की शेवटी कापूनच काढाव्या लागतात. चेहरा चपटा असल्यामुळे अश्रूंची नळी दबते, पाणी डोळ्यांतून बाहेर ओघळतं, तेही रोज पुसायचं. चेहरा फारच आत गेलेला असेल तर श्वासाचा त्रास वेगळाच. या कशाचीच मला भीती नव्हती. हाताला काम असलं की मला बरं वाटतं. ठमीला शेवटी रोज कातडीखाली सलाईन द्यायचे, तेव्हाही त्या दहा-पंधरा मिनिटांत मी सगळ्यात शांत असायची.

भीती होती ती मूत्रपिंडाची. पर्शियन मांजरांत एक आजार वंशातून येतो. मूत्रपिंडात जन्मापासूनच पाण्याच्या बारीक बारीक गाठी असतात आणि वयाबरोबर त्या वाढत जातात. आई-बापांपैकी एकाकडून ते सदोष जनुक आलं तरी पुरतं. काल मी तेच पहिलं विचारलं. पिल्लांच्या घरच्या बाईंनी आई-बाप दोघांच्या जनुकीय चाचणीचे कागद समोर ठेवले. दोघंही निर्दोष. मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं असं, की माझ्या हातातलं एक कारण कुणीतरी काढून घेतलं.

म्हणजे कारण शोधत होते मी. कशासाठी?

ठमी शेवटच्या वर्षी रात्री ओरडायची. पॅसेजमध्ये उभी राहून, भिंतीकडे तोंड करून, लांबच लांब. सतरा वर्षांची होती. म्हाताऱ्या मांजरांना ऐकू कमी येतं, भान हरवतं, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं थकतात आणि मग ती रात्री अशी ओरडतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त सकाळी लवकर उठायचं होतं. तीन रात्री मी दार लावून घेतलं. चौथ्या रात्री ती ओरडली नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, मूत्रपिंडाचं बरंचसं काम बंद पडेपर्यंत मांजराकडे बघून काही कळत नाही, तुमची चूक नाही. त्यांना दाराचं माहीत नव्हतं.

मोठी मांजरं एकमेकांशी बोलताना म्यांव फारसं करत नाहीत. पिल्लू आईला म्यांव करतं, आणि मोठेपणी तो आवाज राहतो तो मुख्यतः माणसांसाठी. हे वाक्य मी कधीतरी वाचलं आणि ते मला सोडतच नाही. पॅसेजमधली ती हाक भिंतीला नव्हती.

मग आपण शांत मांजर शोधतोय ते बाबांच्या झोपेसाठी नाहीच. पुन्हा कुणी हाक मारू नये म्हणून.

दुपारभर स्वतःची कीव येत राहिली. संध्याकाळी ताईने काल काढलेला फोटो पाठवला, खाली काहीच न लिहिता. सयामीचा. सात आठवड्यांचं पिल्लू, अंग सायीसारखं आणि नाक, कान, शेपटीचं टोक काजळीत बुडवल्यासारखं. ही पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरी असतात, कारण आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब असते. त्यांच्या अंगातला रंग तयार करणारा घटक गार जागीच काम करतो, म्हणून आधी कानांची टोकं गडद होतात, मग पाय. तपासणीसाठी पोटावरचे केस काढले, तर कातडी गार पडते आणि नवे केस तिथे गडद येतात. ठमीच्या पोटावरचे सोनोग्राफीसाठी काढलेले केस परत यायला वेळच

असो.

पिल्लं बारा आठवड्यांची झाल्याशिवाय आईपासून तोडत नाहीत, म्हणजे हातात अजून पाच आठवडे आहेत. दुपारी एकटं राहण्याचा प्रश्न तसाच आहे. त्या बाई म्हणाल्या की याची एक बहीणही आहे, दोघं एकमेकांना सोडत नाहीत. हे मी घरात अजून बोललेले नाही.

जेवताना बाबांना एवढंच म्हटलं, की कुठलंही आणलं तरी माझ्या खोलीचं दार रात्री उघडं राहील. त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "म्हणजे ओरडणारं ना?"

मी हो म्हणाले. ते म्हणाले, "बरं."