तुम्ही विचारलेत म्हणून: हरवलेले वर्ष

सत्तरी ओलांडल्यापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: शाळेच्या वयातले पुणे तुम्हाला इतके बारकाईने आठवते, मग अलीकडची वर्षे कुठे गेली असे विचारल्यावर गप्प का होता? स्मरणशक्ती उतरणीला लागली, असे सांगून मी पुष्कळदा सुटका करून घेतली आहे. ते उत्तर सोयीचे होते, खरे नव्हते.

सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. बाजरीवर गहू दळला गेला तर आई डबा परत पाठवी, त्यामुळे आपल्या आधी कोणाचे काय दळले जात आहे यावर डोळा ठेवून मला रांगेत उभे राहावे लागे. पट्ट्याची फटफट, पीठ पडण्याच्या कापडी नळीवर गिरणीवाल्याने मारलेल्या दोन चापट्या, पोटाशी धरलेल्या डब्याची सदऱ्यातून जाणवणारी ऊब आणि जरासा करपट, जरासा गोड वास. आजही एखाद्या बोळातून तो आला की मी थेट दहा वर्षांचा होतो.

याला मेंदूची रचना कारण आहे. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांच्या संवेदना थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. गंधाची वाट मात्र आधी तिकडे न जाता भावनांशी निगडित अमिग्डाला आणि स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या परिसरात पोचते. म्हणूनच वासाने आधी गलबलून येते आणि कशाचा वास, ते मागाहून सुचते.

२०२१ मध्ये कोरोनाने माझे नाक सात महिने बंद पाडले. हिंगाची फोडणी नुसतीच तडतडली. ओल्या मातीला वास देणारे, मातीतल्या जिवाणूंपासून तयार होणारे जिओस्मिन हे द्रव्य अत्यल्प असले तरी माणसाला कळते म्हणतात, पण त्या वर्षी पहिला पाऊस मला फक्त दिसला. वास परतू लागला तेव्हा कॉफीला जळक्या रबराची घाण येई, आणि मला त्याचाही आनंद झाला! ते दिवस तेव्हा सरता सरत नव्हते. आज मागे वळून पाहिले तर सगळे मिळून आठवडाभराचेही वाटत नाहीत. वैविध्याने भरलेला काळ जाताना आखूड आणि आठवताना लांब वाटतो, रिकाम्या काळाचे याच्या उलट होते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहून ठेवले आहे.

दहा वर्षांच्या मुलाला वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग आणि मला सत्तरावा, म्हणून ते छोटे भासते, असेही एक उत्तर दिले जाते. हे त्रैराशिक मला पटत नाही. गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे नागपूरला काढलेला महिना, कूलरमधल्या वाळ्याच्या ओल्या वासासकट, मला शाळेच्या सुट्टीइतका ऐसपैस आठवतो. पुण्यातले उरलेले अकरा महिने मात्र एकाच खुर्चीत, एकाच खिडकीपाशी आणि पिशवीतल्या तयार पिठाच्या पोळ्या खाऊन गेले, त्यांतले वेगळे काय आठवणार?

आमच्या गल्लीतली गिरणी केव्हाच गेली. तिथे मोबाईलचे दुकान आहे. दोन चौक पलीकडे मात्र अजून एक चालते. गेल्या महिन्यापासून मी तीन किलो गहू घेऊन तिथे जातो आणि पुढच्या डब्यात बाजरी तर नाही ना, ते वाकून पाहतो.