खरखर बोटाबरोबर फिरते की सुराबरोबर?

इलेक्ट्रिक गिटार खरखरते म्हणून कुणी आलं की मी आधी केबल उपसतो आणि ती अँपशिवाय, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राशिवाय, नुसती वाजवायला सांगतो. तरीही आवाज आला तर दोष लाकडात, धातूत किंवा तारेत असतो. नाही आला तर विजेच्या बाजूला. एवढ्यावर अर्धं काम होतं, आणि नेमकं हेच बरेचजण टाळतात.

गेल्या हिवाळ्यात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी जोरात होत्या. कॉलेजमधली एक मुलगी पुण्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये आली. "काका, दोन ठिकाणी दाखवली, पैसे गेले, खरखर तशीच." तिच्या गिटारीत खरं तर दोन आवाज होते. अँपमधून सतत येणारी घूं वेगळी, आणि केबल काढल्यावरही उरलेली झर्रझर्र वेगळी. ती दोन्हींना एकच समजत होती. मी झर्रझर्र आधी घेतली.

गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची: तारांची थरथर पकडणारे, एकेका कॉइलचे तीन सिंगल कॉइल पिकअप, आणि दांडीने सूर हलवणारा, मागे स्प्रिंगा असलेला ट्रेमोलो. आधीच्या दुरुस्तीत तारा इतक्या वर उचलल्या होत्या की दाबताना बोटं दुखावीत. तार फ्रेटला, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, घासत असती तर एवढ्या उंचीवर खरखर थांबायलाच हवी होती. मग मी तिला एकच स्वर निरनिराळ्या जागी वाजवायला सांगितला. सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट: खरखर. पाचवी तार मोकळी: तीच खरखर. दोन्हीकडे स्वर एकच, 110 हर्ट्झचा ए. सहाव्या तारेवर एक फ्रेट पुढे सरकली, तर आवाज स्वच्छ.

फ्रेट उंचसखल असला तर खरखर त्याच भागात, त्याच तारेवर अडकून असते. बोट हललं की सुटते. ही सुराबरोबर फिरत होती. म्हणजे गिटारीतला कुठला तरी सुटा भाग त्या सुराला थरथरत होता. सतारीच्या तरफेच्या तारा न छेडता आपापल्या सुराला बोलतात, तसाच हा प्रकार. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी घासून घासून झणकार मिळवतात, आणि तो ऐकताना मी हातातलं काम थांबवतो. पण तो झणकार कानाने बेतलेला असतो. इथला कुणीच मागितलेला नव्हता.

ती ए वाजवत राहिली आणि मी एकेक भाग बोटाने दाबत गेलो. खुंट्यांचे नट, तारा ज्यावर टेकतात त्या सॅडलचे बारीक स्क्रू, पिकअपच्या स्क्रूंभोवतीच्या स्प्रिंगा, पट्ट्याचं बटण. मागचं झाकण काढून ट्रेमोलोच्या स्प्रिंगांमध्ये फोमचा तुकडा खोचला. चोर बरेचदा तिथे सापडतो. इथे नव्हता. शेवटी तारा तळव्याने बंद केल्या आणि नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब मानेच्या, पाठीवर बोटाच्या पेरांनी ठोकलं. आतून खडखड आली.

नेकच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. तारा नेकला पुढे ओढतात, सळई तिला मागे धरून ठेवते. चावी लावून पाहिलं तर तिचा नट पार मोकळा. सळई खाचेत नुसती पडून होती.

"तारा मध्ये कधी बदलल्यास का गं?"

"हो काका, टेनच्या नाइन केल्या. बेंड करायला टेन जड जायच्या."

टेन, नाइन ही तारांच्या जाडीची नावं; नाइन बारीक. सगळा उलगडा तिथे झाला. टेनचा संच नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सुमारे 47 किलोचा ताण देतो, नाइनचा 39च्या आसपास. ओढ कमी झाली, नेक मागे झुकली आणि पहिल्या तीन-चार फ्रेटना तारा घासू लागल्या. सुरुवातीची खरखर खरोखरच फ्रेटची होती. ती घालवायला कुणीतरी रॉड सैल करत गेलं, सळई सुटेपर्यंत. मग सळई खडखडू लागली, आणि त्या खडखडीसाठी पुढच्याने तारा उचलल्या. मधल्यामध्ये कारण बदललंय हे कुणी तपासलंच नाही. एका विद्यार्थिनीचे पैसे असे जावेत याचा मला राग आला.

मी नट पाव फेरा आवळला. खडखड थांबली, पण नेक आणखी मागे गेली आणि फ्रेटची खरखर हजर. या नेकला नाइनच्या तारा पुरत नव्हत्या. तिला ते पटायला वेळ लागला. टेन चढवल्या, रॉड ताणात आणला, गिटार रात्रभर तशीच ठेवली. सकाळी सातव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटर फट मिळाली, तेव्हा तारा खाली घेतल्या. ए दोन्ही जागी स्वच्छ वाजला.

राहिली घूं. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि सिंगल कॉइल ती पकडणारच. याच त्रासावर गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन कॉइलींचा हमबकर पिकअप काढला. तारांना हात लावला की घूं कमी होत होती, म्हणजे गिटारीचं ग्राउंडिंग ठीक होतं. पण घरी ती फारच मोठी येते म्हणाली, आणि अँप तिथे दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर. हे ऐकून मी काम बाजूला ठेवलं. अर्थिंग नसलेल्या अँपला जोडलेली गिटार हातात आणि ओठ माइकला, यात जीव जाऊ शकतो. तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावून घेतला: इलेक्ट्रिशियनकडून प्लगचं अर्थिंग तपासून घ्या, तोवर अँप चालू करू देऊ नका.