रुपयांत मांडला तेव्हा परेटो चार्ट बोलला

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या पावडर कोटिंगच्या (धातूवर रंगाची पावडर भाजून बसवण्याच्या) शॉपमध्ये रिजेक्शन वाढलं की मीटिंगमध्ये एकच कारण निघायचं, धूळ. नागपूरचा उन्हाळा आणि दिवसभर उघडं शटर बघता ते कुणालाही पटायचं. मी क्वालिटीत आहे, मला आकडा हवा होता. तपासणीच्या टेबलावर टॅली शीट (दोषागणिक खुणा करायचा तक्ता) लावली: धूळ, पिनहोल (बारीक छिद्रं), ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा), कमी जाडी, कोटिंग सोलणं, इतर. एका जॉबला (कोटिंगला आलेल्या नगाला) एकच दोष, सर्वांत मोठा तो. सुरुवातीला 'इतर'चाच रकाना फुगला, म्हणून तो फोडून नवे रकाने केले. हे केल्याशिवाय चार्ट काढूच नये.

मग परेटो चार्ट काढला: दोषांचे उतरत्या क्रमाने खांब आणि वरून एकत्रित टक्क्यांची रेघ. पहिला खांब धुळीचाच! "मॅडम, आम्ही तं आधीच सांगत होतो," सुपरवायझर म्हणाले.

पण धुळीचा जॉब घासून पुन्हा एक हात मारला की निघतो. सोललेल्या जॉबचं सगळं कोटिंग उतरवावं लागतं, धुण्याच्या टाक्यांतून पुन्हा काढावा लागतो. बरेचदा ते ग्राहकाकडे गेल्यावरच कळतं, म्हणजे वर गाडीभाडं. म्हणून तोच चार्ट नगांऐवजी रुपयांत काढला. सोलणं पहिल्या नंबरावर आलं, धूळ बरीच मागे. 20 टक्के कारणांतून 80 टक्के नुकसान, असं 80-20 काही जमलं नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. इटलीच्या परेटोने पाहिली ती संपत्तीची वाटणी. ते तत्त्व गुणवत्तेच्या कामात जोसेफ जुरानने आणलं. कामाचा आहे तो क्रम.

पुढचा चार्ट फक्त सोललेल्या जॉबचा, आधी पार्टनुसार, मग शिफ्टनुसार. वेल्डिंगच्या फ्रेम आणि सकाळच्या पहिल्या रॅक, तिथेच बहुतेक गठ्ठा सापडला. डिग्रीझिंगच्या (तेल काढण्याच्या) टाकीचा हीटर लाइनसोबतच सुरू व्हायचा, त्यामुळे थंड टाकीतून गेलेल्या फ्रेमच्या सांध्यात तेल राहायचं. आता हीटर शिफ्टच्या आधी लागतो, टाकीची तीव्रता टायट्रेशनने (रसायन थेंबथेंब मिसळून मोजून) तपासली जाते आणि पहिल्या रॅकच्या एका तुकड्यावर चौकटी कापून टेप ओढून कोटिंग सुटतं का ते बघतो.

त्यानंतर तेवढ्याच कालावधीचा, त्याच स्केलवर चार्ट काढला. सोलण्याचा खांब बराच खाली आला. आता रुपयांतही धूळ पहिली आहे, म्हणून बूथभोवती पडदे आणि शटर बंद ठेवण्याचं काम हाती घेतलंय.