खोडलेली ओळ

गेल्या महिन्यात एका अंकासाठी कविता पाठवताना मी तिच्यातली एक ओळ खोडली. संपादकांनी काही सांगितलं नव्हतं, मीच घाबरलो. ओळीत कुणा पुढाऱ्याचं नाव नव्हतं. कोठडीबाहेर रात्रभर बसून राहिलेली एक आई होती, एवढंच.

तेव्हापासून स्टालिनच्या काळातली रशियन कवयित्री आना आख्मातोवा मनातून जात नाही. तिच्या मुलाला १९३८ मध्ये पकडलं. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगांमध्ये ती १७ महिने उभी राहिली. त्या रांगांची कविता कागदावर ठेवणंही धोक्याचं होतं. ती ओळी लिहायची, विश्वासातल्या मैत्रिणीला वाचायला द्यायची, आणि पाठ झाल्या की कागद जाळून टाकायची. वर्षानुवर्षं ती कविता मोजक्या माणसांच्या आठवणीत जगली. सोव्हिएत संघात ती पूर्ण छापून यायला १९८७ उजाडलं.

कवीनं घोषणा लिहाव्यात असं मला आजही वाटत नाही. घोषणेत माणसाचा चेहरा हरवतो. पण रांगेतल्या बाईचा चेहरा लिहिणं हेही राजकारणच. आणि मी तो खोडला, तेही राजकारणच होतं, फार वाईट जातीचं.

काल संपादकांना फोन केला. अंक अजून छापायला गेलेला नाही. ओळ आज पाठवतोय.