झिंक निघता निघेना

रविवार, वैशाख पौर्णिमा

होडीच्या पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, झिंक आज निघालं. एवढंच लिहून वही मिटली असती, पण नखांतला चिखल अजून निघालेला नाही.

मुंबईत उधाणाची ओहोटी पहाटे सहाच्या आसपास पूर्ण होते. म्हणून काल मध्यरात्रीच्या भरतीला शिडाची होडी वर्सोवा खाडीच्या कडेला आणून बांधली. चारला ती चिखलात टेकून एका कुशीवर कलली. आठच्या आत आटपायचं होतं.

पंख्याच्या नटावर जस्ताचा एक शंकू असतो, एका स्टीलच्या बोल्टवर धरलेला; तेच झिंक. खाऱ्या पाण्यात पंख्याच्या ब्राँझऐवजी त्याने झिजायचं, आणि अर्धा संपला की बदलायचा. आमचा पार स्पंजासारखा झाला होता. बोल्टचा षटकोनी खड्डा मात्र रंगाने बुजलेला. झिंकला रंग लावायचा नसतो हे माहीत नव्हतं, असं लिहायला आवडलं असतं. माहीत होतं. गेल्या वर्षी तळ रंगवताना ब्रश चुकून तिथे गेला आणि पुसायचा मी आळस केला.

टोच्याने खड्डा कोरला, ॲलन की घातली, जोर लावला. खड्ड्याच्या कडाच गोल झाल्या. तेल सोडून बसलो. जोरात ठोकायची भीती, शाफ्टच्या बेअरिंगला मार बसला तर नवं लचांड.

१ जूनच्या मासेमारीबंदीआधी शेजारचे कोळी काका आपली होडी ओढायला आले होते. तेल मुरेपर्यंत त्यांना हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १८२४ मध्ये त्याने इंग्रजांच्या लढाऊ जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला असाच धातू जोडला. तांबं झिजायचं थांबलं, पण मग त्यातलं विषही पाण्यात उतरेना. तळावर शेवाळ नि शिंपले माजले, शेवटी ते तुकडे काढावे लागले.

"त्यांचे निघाले ना पण?" काका म्हणाले. मग वाकून बघितलं. "बोल्ट कशाला धरून बसलास? झिंक टाकायचंच आहे ना? फोड की."

खरंच की. छिन्नी शंकूवर लांबीत धरली, चार हलके घाव, आणि मऊ झालेलं जस्त दोन फाकांत सुटलं. बोल्टची मान उघडी पडली. व्हाइस ग्रिप पकडीने धरून फिरवला, तर मुकाट्याने आला!

ब्राँझ पॉलिश पेपरने चकचकीत केलं, कारण धातूला धातू टेकला नाही तर नवं झिंक नुसतं शोभेचं. नव्या बोल्टने ते कसलं, तेव्हा पाणी घोट्याला लागलं होतं. ॲलन की त्याच चिखलात कुठेतरी आहे. राहू दे.