पुढे झुका, मॅडम!

स्की शिकायला आठवडाभर गुलमर्गला चाललेय, असं सांगितलं तेव्हा आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घसरायलाच जायचंय तर आपली मोरी काय वाईट आहे?"

आईचं मी मनावर घेतलं नाही. वय बावन्न असलं तरी उतार मला नवे नाहीत, असा माझा समज होता. तीस वर्षं सह्याद्रीत भटकतेय. तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना पायाखाली गोट्यांसारखी खडी असते, त्या घसाऱ्यावर माझा तोल कधी गेला नाही. निघण्याआधी मी लोकांना आकडेही ऐकवत होते. कळसूबाई १,६४६ मीटर, गुलमर्ग साधारण २,६५० मीटर, म्हणजे तिथली स्कीची बालवाडीच आपल्या सर्वोच्च शिखरापेक्षा हजार मीटर वर! परत आल्यापासून मी हे आकडे कुणाला ऐकवत नाही.

तांगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या लावल्या, तिथून तेरा किलोमीटरचा वळणावळणाचा घाट चढून आम्ही वर पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामान भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात रांगेत उभे राहिलो. स्कीच्या बुटाला बूट म्हणणं ही निव्वळ सवय. प्रत्यक्षात ते पायाचं प्लास्टर असतं, फक्त लाल रंगाचं आणि चार कड्यांचं. घातलं की घोटा संपलाच. शिवाय ते मुळातच पुढे कललेलं असतं, त्यामुळे सरळ उभं राहताच येत नाही. सतत कुणापुढे तरी अर्धवट नमस्कार करत असल्यासारखं वाटतं. मी खट्याक खट्याक करत दोन पावलं टाकली, तेवढ्यात दुकानदाराने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "मैडम, वज़न?"

मी बासष्ट सांगितलं. खरं एकोणसत्तर आहे.

वजन नुसतं वहीत लिहायला विचारतात, असं मला वाटलं होतं. पण बूट स्कीला जिथे अडकतो तिथला खटका त्या आकड्यावरून घट्ट किंवा सैल करतात. पडताना ठरावीक जोर आला की बूट आपोआप सुटावा आणि गुडघा वाचावा, अशी ती सोय. बासष्टवर बेतलेल्या खटक्याने एकोणसत्तर किलोंचा भार बघितला की तो वेळेआधीच राजीनामा देतो. दुसऱ्या दिवशी साध्या वळणावर माझी डावी स्की दोनदा पायातून निसटून एकटीच पुढे गेली. आमच्या शिक्षकाने ती आणून दिली, खटक्यावरचा आकडा बघितला आणि अतिशय अदबीने विचारलं, "मैडम, वज़न सही बताया था ना?" आमच्या तुकडीत बेंगळुरूची तीन कॉलेजची मुलं होती. त्यांनी एकदम डोंगराकडे बघायला सुरुवात केली.

शिक्षक सव्वीस वर्षांचा. माझा मुलगा त्याहून वर्षभराने मोठा आहे. पण पुण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे शिकवणाऱ्याला "सर" म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी त्याला सर म्हणायचे, तो मला मॅडम म्हणायचा, आणि तेवढ्या आदरात पुढचे सहा दिवस मी त्याच्या पायाशी पडून असायचे.

पहिल्या दिवशी सुरुवातीला उतार नव्हताच. गॉल्फच्या मैदानावरच्या बर्फात आधी एका पायात स्की घालून गोल गोल फिरायचं, मग दुसऱ्या. मग उताराला आडवं उभं राहून, जिना आडवा चढावा तसं एकेक पाऊल वर. तीस फूट चढायला माझी वीस मिनिटं गेली. उतरायला आठ सेकंद. त्यातले शेवटचे तीन पाठीवर.

पडल्यावर उठायचं कसं, हाच खरं तर पहिला धडा. दोन्ही स्की उताराला आडव्या आणि आपल्या खालच्या बाजूला आणायच्या, नाहीतर उठता उठता त्या पुन्हा निघतात. मी एकदा अर्धी उठले आणि त्याच अर्ध्या अवस्थेत पंधरा फूट गेले.

थांबायची युक्ती सोपी सांगतात. पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब, दोन्ही गुडघे थोडे आत. स्कीचा आकार भजीच्या दुकानातल्या कागदी पुडीसारखा होतो, आतल्या कडा बर्फ खरवडतात आणि वेग मरतो. सर त्याला "पिज़्ज़ा" म्हणायचे. बेंगळुरूच्या मुलांचा पिझ्झा दुपारपर्यंत तयार झाला. माझा होईना. मी पाय फाकवायचे, जीव खाऊन टाचा दाबायचे, आणि जेवढं दाबावं तेवढी जोरात जायचे. मागून सरांचा आवाज यायचा, "आगे! आगे झुको, मैडम! आगे!"

मला वाटायचं, याला काय समजतंय? उताराला पुढे कोण झुकतं? पुढे दरी असते.

तीस वर्षांच्या सह्याद्रीने माझी पंचाईत केली होती, ती इथे. घसारा उतरताना वजन मागे ठेवायचं, पाय जरा आडवा टाकायचा, शंका आली की सरळ बूड टेकायचं, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ते अंगात मुरलंय. किती नवख्यांना मी ओरडून सांगितलंय, "घाबरू नका, मागे रेला!" स्कीवर नेमकं तेच केलं की संपलं. नडगी बुटाच्या जिभेवर टेकली तर वजन पुढे येतं, पुढच्या कडा बर्फात रुततात आणि स्की आपलं ऐकते. मागे रेललं की पुढची टोकं हलकी होतात, कडा सुटतात, आणि दोन पट्ट्या तुम्हाला घेऊन त्यांच्या मनाला येईल तिकडे निघतात. भीती वाटली की माणूस मागे होतो, मागे झाला की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी भीती. डोक्याला हे पहिल्या दिवशी दुपारी पटलं. बुडाला पटायला चौथा दिवस उजाडावा लागला.

सरांनी सगळे उपाय केले. हात पुढे धरायला लावले, "जैसे चाय की ट्रे पकड़ी हो." ट्रे सांडली नाही पाहिजे, आणि नजर ट्रेवर नाही, लांब. छाती दरीकडे. मी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातल्यासारखी हात पुढे करून निघायचे आणि दहाव्या फुटावर ट्रे, चहा, मी, सगळं मागे.

तिसऱ्या दिवशी बर्फावर सहलीची मंडळी आली. भाड्याचे केसाळ लांब कोट, गुडघ्यापर्यंत गमबूट, कानटोप्या. स्लेजवाले त्यांच्या मागे लागलेले. मी त्यांच्यापासून वीस फुटांवर बसकण मारली, तेवढ्यात कानावर आलं, "बघ, त्या बाई परत बसल्या. मघापासून मोजतोय. सात."

"अहो, हळू बोला, ऐकू जाईल."

"त्यांना कुठे मराठी कळतंय! परदेशातल्या दिसतायत."

डोक्याला हेल्मेट, डोळ्याला गॉगल, नाकापर्यंत मफलर. परदेशातली म्हणून मी आरामात खपले असते. शांतपणे उठायचं ठरवलं, स्की आडव्या केल्या, जोर लावला आणि "अगं आई गं!" एकदम खणखणीत आठवा क्रमांक. क्षणभर सगळीकडे शांतता. मग काकू म्हणाल्या, "अय्या, पुण्याच्या का?" काकांनी दिलगिरी म्हणून खिशातून डिंकाचा लाडू काढून दिला. त्या थंडीत त्याचा दगड झाला होता, पण मी तो बर्फात बसूनच चघळून संपवला. ते डोंबिवलीचे होते. जाताना काका म्हणाले, "चालू द्या, ताई. आम्ही स्लेजवर बसूनच घाबरलो."

खोलीत बुखारी असायची. लाकडं टाकली की पत्र्याची ती उंच शेगडी कुरकुरत तापायची आणि आम्ही मोजे तिच्याभोवती वाळत घालायचो. अशाच एका संध्याकाळी सर नून चाय घेऊन बसले. गुलाबी, खारट चहा. पहिल्या घोटाला चेहरा कसनुसा होतो, तिसऱ्यापासून सवय लागते. थंडीची वाटणी त्यांनीच समजावली. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. मोठी थंडी, धाकटी थंडी आणि तान्ही थंडी. आपल्याकडे पावसाची नक्षत्रं मोजतात तशी तिथे थंडी मोजतात, आणि ती चुकली की पोटाची चिंता तीच. २०२४ च्या जानेवारीत ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्गला जमीन कोरडी होती. बर्फ आला तो महिना सरताना. "मैडम, घास दिख रही थी," असं म्हणून ते जरा गप्प झाले. मृगात ढेकळं दिसल्यावर आपल्याकडचा शेतकरी होतो तसे.

एरवी गावाला स्कीचा अभिमान भारी. ब्रिटिशांनी इथे १९२७ मध्ये स्की क्लब काढला, १९४८ मध्ये लष्कराचं स्की-स्कूल निघालं. त्याचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. पण सरांच्या तोंडी यातलं काही नव्हतं, नाव एकच, आरिफ खान. गुलमर्गला वडिलांचं स्की-सामानाचं दुकान, चौथ्या वर्षी पायात स्की, आणि २०२२ ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन प्रकारांत भारताकडून उतरला. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या झेंड्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, पंचेचाळिसावा आला. पंचेचाळिसावा हा शब्द सर असा म्हणाले की मी मनातल्या मनात तिसरा ऐकला.

मला आठवला तो वेगळाच माणूस. आधी पुडी, मग एकेक वळण, मग दोन्ही स्की समांतर, असा पायरीपायरीचा अभ्यासक्रम ऑस्ट्रियातल्या आर्लबेर्ग भागात हानेस श्नायडर नावाच्या शिक्षकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बसवला. गुडघे वाकवा, खाली बसल्यासारखे व्हा, पुढे झुका, हा त्याचाच आग्रह. १९३८ मध्ये नाझी ऑस्ट्रियात आले, त्याला तुरुंगात टाकलं, पुढच्या वर्षी तो अमेरिकेत गेला आणि तिथेही हेच शिकवत राहिला. आमच्या सरांनी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. सरांना त्यांच्या चुलत्यांनी शिकवलं. पण शंभर वर्षांपूर्वी आल्प्समध्ये कुणा घाबरलेल्या माणसावर जे ओरडलं गेलं असेल, तेच हिंदीत माझ्यावर ओरडलं जात होतं.

तिसऱ्या रात्री बर्फ पडायला लागला. सकाळी उठले तर खिडकीबाहेरचं कुंपण गायब. त्या दिवशी मैदानावर पाय ठेवला आणि आवाजच बदललेला. आदल्या दिवशी घट्ट बर्फावर खर्रखर्र व्हायचं, आता तांदळाच्या पिठात हात घातल्यासारखं. मी मुद्दाम एकदा पडून बघितलं. लागलंच नाही. पुन्हा पडले. गादी!

मग भीतीला काही कामच उरलं नाही. मी हातात ट्रे धरली, नडग्या बुटावर टेकल्या आणि दरीकडे छाती करून निघाले. उजवीकडे वळायचं तर डावा पाय दाबायचा, हे तीन दिवस पाठ होतं. त्या दिवशी दाबला, आणि वळले. मग उजवा. मग डावा. सात वळणं मी मोजली. आठव्याला वाटलं, अरे, येतंय की! वाटताक्षणी मागे रेलले आणि बर्फात कमरेपर्यंत गेले. सर दुरून दोन्ही हात वर करून नाचत होते. मी पडले म्हणून नव्हे, असं मी समजते.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. सहाव्याला सकाळी तेच बर्फ गोठून काचेसारखं झालं आणि माझी सगळी विद्या परत सह्याद्रीत गेली. हे लिहिलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाई शिकल्या. नाकाचं साल निघालं, आणि कधी ऐकलं नव्हतं ते झालं. हनुवटीच्या खालची बाजू काळवंडली. ऊन बर्फावरून उलटं वर येतं. मलम फक्त चेहऱ्याला लावून चालत नाही.

शेवटच्या दुपारी शिकवणी संपल्यावर आम्ही गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्याने, कोंगडोरीला, त्याच्या पहिल्या टप्प्यावर गेलो, नुसते बघायला. हा टप्पा १९९८ ला सुरू झाला, पुढचा २००५ ला. तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत जातो. सरांनी आम्हाला टपरीवर कहवा घेऊन दिला आणि म्हणाले, मी जरा जाऊन येतो. पुढच्या मिनिटाला ते एकटेच उतारावरून निघालेले दिसले. आठवडाभर हा माणूस आमच्यापुढे उलटा चालत, आमची टोकं हाताने धरत, गोगलगायीच्या वेगाने सरकत होता. आता कुणी विद्यार्थी नाही, कुणाला हाक नाही. कमरेखालचं सगळं वळत होतं, कमरेवरचं काहीच हलत नव्हतं. मागे बर्फावर एकसारखी वेलांटी उमटत गेली. आणि हात बघितले तर ट्रे धरल्यासारखेच.

घरी आल्यावर आईने विचारलं, "मग? काय शिकलीस आठवडाभर?" बोलून सांगण्यापेक्षा करून दाखवावं म्हणून मी दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिले. पाय फाकवले, गुडघे वाकवले, पुढे झुकले, नजर लांब बाल्कनीकडे, दोन्ही हात ट्रे धरल्यासारखे पुढे.

आईने मला खालून वर नीट न्याहाळलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि चहाचे चार कप मांडलेला ट्रे आणून माझ्या हातात ठेवला.

"उभीच आहेस तर जा, बाहेर प्लंबर आलाय, त्याला नि त्याच्या पोरांना देऊन ये. आणि सरळ चाल, सांडशील."