जाताना आठ तास, येताना सात: विमानाच्या वेळेचा हिशेब

लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत सुमारे ५,५४० किलोमीटर. प्रवासी जेट ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला तर सहा तास दहा मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र जायला साधारण आठ तास आणि यायला सात तास दिसतात, आणि तेच बरोबर असतं.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नका. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता सपाट नकाशावर ध्रुवाकडे वाकलेला दिसतो. टोकियो–न्यूयॉर्कचा असा रस्ता अलास्कावरून जातो. घरी पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, लगेच पटेल.

आकडा हवा असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करून त्यात मिळवा. बेरजेचा उलटा कोसाइन काढला की अंशांत कोन मिळतो. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. हीथ्रो (५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम) आणि जेएफके (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) घेतले तर बेरीज ०.६४५ येते, कोन ४९.८ अंश. उत्तर भलतंच आलं तर दोन गोष्टी तपासा: कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) राहिलाय का, आणि पश्चिम रेखांश व दक्षिण अक्षांश उणे धरलेत का.

आता वेळ. तिची खरी मालकी वाऱ्याकडे असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पश्चिमेला जाताना सरासरी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ८०० उरतो आणि सहा तास दहा मिनिटांचे सहा तास पंचावन्न होतात. परतताना तोच वारा पाठीशी असतो: वेग १,०००, साडेपाच तास. यात चढण-उतरण आणि वळणांसाठी अर्धा तास, धावपट्टीपर्यंत व तिथून गेटपर्यंतच्या फिरण्यासाठी आणखी अर्धा तास धरा. म्हणून दोन्ही दिशांचा हिशेब वेगवेगळाच करायला हवा. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, ते वादळी वारा पाठीशी होता म्हणून. भोवतीच्या हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता.

बंद आकाशाचा फटका तर याहून मोठा. २०२२ पासून रशियावरून जाता येत नसल्याने हेलसिंकी–टोकियो उड्डाण सुमारे साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं. विमानतळ जागचे हलले नाहीत, सूत्रातलं अंतरही तेच आहे.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, त्यामुळे वजाबाकीपूर्वी दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरच्या एकाच प्रमाणवेळेत, आणा. लंडन–न्यूयॉर्कचा फरक एरवी पाच तासांचा. पण उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या, म्हणून मधले काही दिवस तो चारच असतो. ऑक्टोबरच्या शेवटीही आठवडाभर असंच होतं. पुढचं विमान पकडायचं असेल तर हा एक तास आवर्जून तपासा. आणि ऑकलंडहून जानेवारीत रात्री आठला निघून बारा तासांनी लॉस एंजेलिसला उतरलात, तर तिथे त्याच तारखेचे सकाळचे अकरा वाजलेले असतील.